आयर्विनचं आजोळ : एका इंग्रज उमरावाचं घराणं मांजरपाटावर कसं मांडायचं

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. ही चार नावं सोलापूरच्या कुठल्याही शाळेतल्या पोरांना झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगतील. १२ जानेवारी १९३१, येरवडा, फाशी, तेही सांगतील. पण पुढं विचारा, "तेव्हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय कोण?" एखादी मुलगी हळूच "लॉर्ड आयर्विन" म्हणते. "तो कुठला? त्याचं घर कसं होतं? त्याची आई कोण?" इथं अख्खा वर्ग गप्प होतो.

मी ३१ वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं मीही इथंच गप्प होत होते. आपल्या माणसांची गावं, गल्ल्या, आया-बहिणी आपल्याला माहीत, आणि समोरचा माणूस मात्र फोटोतला उंच टोपीवाला. असा अर्धा इतिहास मुलांच्या डोक्यात टिकत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी आयर्विनचं घराणं, त्याचा जन्म झालेला किल्ला आणि सोलापूरची १९३०-३१ ही दोन वर्षं एकाच कापडावर मांडली. दर जानेवारीत, गड्डा यात्रेच्या आधीच्या आठवड्यात, तो तक्ता घेऊन मी शाळांत जाते. "बाई, हे कसं केलं?" असं बरेच शिक्षक विचारतात. त्यांच्यासाठी, आणि घरी मुलांना घेऊन असं काही करणाऱ्यांसाठी, हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कापड

कागदी चार्ट घेऊ नका. दोन शाळा फिरेपर्यंत त्याचे कोपरे फाटतात. मांजरपाट घ्या, ४८ इंची पन्हा, साधारण तीन मीटर. नव्या कापडात खळ असते, ती धुवून काढू नका. त्या खळीमुळंच कापड ताठ राहतं आणि रंग पसरत नाही. चारी बाजूंनी काठ दुमडून शिवून घ्या. वरच्या काठात वेळूची काठी जाईल एवढी पोकळ पट्टी ठेवा. पोस्टर कलर वापरू नका, घडी घातली की त्याच्या खपल्या पडतात. कापडावर चालणारा रंग आणि बारीक ब्रश घ्या. नावं मात्र कापडावर थेट लिहायची नाहीत. जाड कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि टाचणीनं लावा, कारण चूक होणार, नाव हलवावं लागणार.

नात्याच्या रेघा रंगानं काढू नका, दोऱ्यानं दाखवा. बापाकडून आलेलं नातं काळ्या दोऱ्यानं, आईकडून आलेलं लाल दोऱ्यानं. लाल दोरा इतका महत्त्वाचा का ठरला, ते पुढं येईल.

एकच माणूस, चार नावं

इंग्रज उमरावाचं चरित्र वाचताना पहिली ठेच लागते ती नावाला. आपल्याकडं शिंदे जन्मभर शिंदेच राहतात. तिकडं किताब मिळाला की माणसाचं नावच बदलतं. हा माणूस जन्मला एडवर्ड वूड म्हणून. १९१० ते १९२५ तो रिपन मतदारसंघाचा खासदार होता, तेव्हाही एडवर्ड वूडच. १९२५ च्या अखेरीस व्हाइसरॉय म्हणून नेमताना त्याला बॅरन केलं, तेव्हा तो लॉर्ड आयर्विन झाला. १९३४ साली वडील वारले, त्यांचा किताब त्याच्याकडं आला आणि तो व्हायकाउंट हॅलिफॅक्स झाला. १९४४ साली त्याला अर्ल केलं, म्हणून अर्ल ऑफ हॅलिफॅक्स.

आता गंमत बघा. गांधी-आयर्विन करारातला आयर्विन पोरांना माहीत असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यातला परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्सही माहीत असतो. दोघं एकच, हे वर्गात सांगितलं की मुलं मागं वळून एकमेकांकडं बघतात. म्हणून तक्त्याची पहिली चिठ्ठी हीच करा. एका लांब पट्टीवर चारही नावं, प्रत्येकाखाली साल. ही पट्टी नीट केली नाही तर पुढचं सगळं चुकतं.

किताबांची उतरंड मुलांकडून पाठ करून घ्या, एवढीच पाठांतराची गोष्ट यात आहे. सगळ्यात वर ड्यूक, मग मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट, मग बॅरन. अर्लच्या बायकोला काउंटेस म्हणतात. अर्लच्या मुलीच्या स्वतःच्या नावामागं "लेडी" लागतं. म्हणजे "लेडी अ‍ॅग्नेस" असं वाचलं की ओळखायचं, ही कुणातरी मोठ्या घरची लेक आहे, हिच्या माहेराचा शोध घ्यायला हवा. व्हायकाउंटचा मुलगा मात्र बाप जिवंत असेपर्यंत लॉर्ड नसतो, म्हणून तर एडवर्ड वूड साध्या माणसांसारखी निवडणूक लढवून लोकसभेसारख्या सभागृहात, हाउस ऑफ कॉमन्समध्ये, बसू शकला.

बापाची बाजू : वूडचा खलिता

काळ्या दोऱ्याची बाजू आधी करा, ती आपल्या जवळची आहे. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या प्रत्येकानं "वूडचा खलिता, १८५४" परीक्षेत लिहिलेला असतो. हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा आराखडा मांडणारा तो खलिता, ज्याच्या पाठोपाठ १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठं निघाली. तो वूड म्हणजे सर चार्ल्स वूड, आयर्विनचा सख्खा आजोबा. पुढं १८५९ ते १८६६ तो भारतमंत्रीही होता, आणि १८६६ मध्ये त्याला हॅलिफॅक्सचा पहिला व्हायकाउंट केलं.

मला हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. ज्या खलित्यावर मी परीक्षा दिली, ज्याच्यातून आलेल्या शाळाव्यवस्थेत मी नोकरी केली, त्याच्या कर्त्याचा नातू १९३० साली दिल्लीत बसला होता. तक्त्यावर आजोबाच्या चिठ्ठीपासून नातवाच्या चिठ्ठीपर्यंत काळा दोरा ओढताना मी दोन मिनिटं थांबते. शिक्षक मंडळी पुढं असतील तर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मधली पिढी म्हणजे वडील, चार्ल्स लिंडली वूड. हा माणूस राजकारणात पडला नाही, चर्चच्या कामात आयुष्यभर बुडालेला होता. ९४ वर्षं जगला. त्यांचं घर यॉर्कशायरमध्ये, हिकल्टन आणि गॅरोबी या ठिकाणी. ती मोठी घरं, किल्ले नव्हेत.

इथं माझी चूक झाली होती

पहिल्या वर्षी मी तक्त्यावर ठळक लिहिलं होतं, "पाउडरहॅम कॅसल, आयर्विनचा वडिलोपार्जित किल्ला." १६ एप्रिल १८८१ रोजी त्याचा जन्म तिथं झाला, हे वाचलेलं होतं. जन्म किल्ल्यात झाला म्हणजे किल्ला बापाचाच, असं मी धरून चालले. एका शाळेत तक्ता बघताना एक जुने ग्रंथपाल मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "बाई, वूड घराणं यॉर्कशायरचं. डेव्हनमध्ये त्यांचा किल्ला कुठून आला?"

मी घरी येऊन पुन्हा शोधायला बसले. किल्ला आईच्या घरचा निघाला. लेडी अ‍ॅग्नेस कोर्टनी, डेव्हनच्या अकराव्या अर्लची मुलगी. बाळंतपण माहेरी झालं होतं, एवढं साधं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर तेलुगू बोलणाऱ्या घरातली एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे अम्मम्माचं घर." अगदी तसंच. त्या दिवशी मी लाल दोरा आणला.

तुम्ही कुठल्याही उमरावाचं घराणं मांडणार असाल तर हा धडा पक्का धरा : जन्मगाव वाचलं की आधी आईचं माहेर तपासा. नुसत्या बापाच्या रेषेनं गेलात तर अर्धी माणसं आणि सगळे किल्ले हातातून सुटतात.

किल्ला कसा वाचायचा

किल्ला शिकवण्याआधी मुलांना आपल्या भुईकोटात घेऊन जा. फोटो दाखवून भागत नाही. बाहेरची तटबंदी, आतली तटबंदी, खंदक, एका बाजूला सिद्धेश्वर तलावाचं पाणी. डोंगर नसताना माणसानं स्वतःला कसं वाचवलं, ते तिथं पायांना कळतं. मग पाच प्रश्न लिहून घ्यायला लावा : जागा का निवडली? बांधला कुणी? कुणाकडून कुणाकडं गेला? लढाईत काय झालं? आज तिथं कोण आहे? हेच पाच प्रश्न पाउडरहॅमला लावायचे.

जागा : इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगणा, एक्सेटर शहराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, एक्स नदीच्या खाडीकाठी. नकाशावर उपग्रहाचं चित्र लावा. खाडीचं रुंद पाणी, काठानं जाणारी रेल्वेलाइन, आणि हिरव्या कुरणात हरणांचे कळप असलेलं मोठं आवार दिसतं. ती रेल्वे १८४६ ची. सोलापूरला आगगाडी आली १८६० साली, हे मुलांना आठवण करून द्या. काळाचा अंदाज येतो.

बांधला कुणी, आणि कुणाकडून कुणाकडं : इथं लाल दोरा पुन्हा कामाला येतो. १३२५ साली मार्गारेट द बोहुन हिचं लग्न ह्यू कोर्टनीशी झालं, आणि पाउडरहॅमची जमीन तिच्या माहेराकडून आली. १३९१ मध्ये ती वारली, तेव्हा ही जहागीर तिच्या धाकट्या मुलांपैकी सर फिलिप याला मिळाली आणि त्यानं बांधकाम सुरू केलं. म्हणजे किल्ला मुळात एका आईच्या माहेराची देणगी, आणि ४९० वर्षांनी त्याच किल्ल्यात दुसऱ्या एका लेकीचं बाळंतपण झालं. मी मार्गारेटची चिठ्ठी आणि अ‍ॅग्नेसची चिठ्ठी एकाच उभ्या रेषेत लावते. सांगावं लागत नाही, मुलींच्या लक्षात येतं.

लढाई : सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध झालं. पाउडरहॅम राजाच्या बाजूनं होता. जानेवारी १६४६ मध्ये पार्लमेंटच्या फौजेनं तो घेतला. त्याची बरीच पडझड झाली. आपल्याकडं त्याच सुमारास शिवाजी महाराज मावळात पहिली पावलं टाकत होते. हे साल तक्त्यावर शेजारी लिहा, मुलं ते कधी विसरत नाहीत.

त्यानंतर किल्ल्याचं घर झालं. हा बदल नीट समजावून सांगा, कारण "कॅसल" म्हटलं की मुलांना तोफा आठवतात. अठराव्या शतकात कोर्टनींनी आत मोठा जिना केला, भिंतींवर प्लास्टरमध्ये फुलं, फळं, पक्षी उठवले. १७९० च्या दशकात जेम्स वायट या वास्तुकारानं संगीताचं दालन बांधलं. भिंतीवरचे कंगोरे आणि बुरूज राहिले, पण ते आता शोभेला. बंदुकीच्या जागी पियानो आला, असं मी सांगते.

कोर्टनींचं चिन्ह मुलांकडून काढून घ्या, फार सोपं आहे. सोनेरी ढाल, तिच्यावर तीन लाल गोल. आमच्या पोरी म्हणतात कुंकवाच्या तीन टिकल्या. पिवळ्या कापडाचा तुकडा आणि लाल रंगात बुडवलेली बाटलीची बुचं एवढ्यावर ते होतं.

एका शब्दाचा किताब

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून थोडी सावकाश सांगते. १५५३ साली मेरी राणीनं कोर्टनी घराण्यातल्या एडवर्डला डेव्हनचा अर्ल केलं. तीन वर्षांनी, १५५६ मध्ये, तो इटलीत पादुआ इथं वारला. लग्न झालेलं नव्हतं, मूल नव्हतं. सगळ्यांनी धरलं की किताब संपला. पाउडरहॅमचे कोर्टनी हे लांबचे भाऊबंद, ते पुढं तीन शतकं जवळपास किताबावाचूनच जगले. त्यांना इतर मान मिळाले, पण अर्ल म्हणून कुणी ओळखलं नाही.

मग कुणीतरी मूळ सनद नीट वाचली. अशा सनदांत नेहमी "त्याच्या पोटचे पुरुष वारस" अशा अर्थाचे शब्द असतात. या सनदेत नुसतं "पुरुष वारस" होतं. "पोटचे" हा शब्दच नव्हता! म्हणजे भाऊबंदही वारस ठरत होते. १८३१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं हे मान्य केलं आणि २७५ वर्षांनी किताब परत आला. त्या वेळचा धनी विल्यम कोर्टनी नववा अर्ल ठरला. मधल्या सात पिढ्या मेल्यानंतर अर्ल झाल्या, असं म्हणायला हरकत नाही. १८३५ साली तो पॅरिसमध्ये वारला, किताब चुलतभावाकडं गेला, आणि त्या चुलतभावाचा मुलगा म्हणजे अकरावा अर्ल, आपल्या अ‍ॅग्नेसचा बाप.

सातबारा आणि वाटणीपत्रावरून ज्यांच्या घरात कोर्टाच्या तारखा चालल्या आहेत अशी मुलं माझ्या वर्गात नेहमी असायची. त्यांना ही गोष्ट कुणालाही आधी कळते. त्यांना विचारा, "एक शब्द राहिला तर काय होतं?" तेच पुढं शिकवतील.

एक सावधगिरी. डेव्हनच्या अर्लांचा क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा दिसतो, कारण हा किताब अनेकदा नव्यानं दिला गेला. एकच माणूस कुठं दुसरा तर कुठं दहावा असतो. म्हणून क्रमांकावर विसंबू नका. चिठ्ठीवर जन्म आणि मृत्यूचं साल लिहा, माणूस त्यावरून ओळखा.

मुलगा

आता आयर्विनची चिठ्ठी. जन्मतःच त्याचा डावा हात खुरटलेला होता, पंजा नव्हता. तो घरातला चौथा मुलगा. म्हणजे घर, किताब, जमीन यातलं काहीच त्याच्या वाट्याला येणार नव्हतं, कारण तिकडं सगळं थोरल्याला जातं. मग १८८६ ते १८९० या चार वर्षांत त्याचे तिन्ही थोरले भाऊ एकामागून एक वारले. नऊ वर्षांचा एडवर्ड एकाएकी सगळ्या घराण्याचा वारस झाला.

इथं तिन्ही भावांच्या रिकाम्या चिठ्ठ्या लावा. नावं नसली तरी चालतील, पण तीन चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत. मी अ‍ॅग्नेसपासून त्यांच्यापर्यंत लाल दोरा नेते. पोटची तीन मुलं चार वर्षांत गेलेली आई, हे सांगताना तिच्या मुलानं पुढं काय केलं ते मी मध्ये आणत नाही. ते आपल्या जागी येणार आहे.

पुढचं भराभर : ईटन शाळा, ऑक्सफर्ड, १९०९ मध्ये डोरोथी ऑन्स्लोशी लग्न. एका हातानं घोडा हाकत शिकारीला जायचा. देवधर्माचा माणूस, वडिलांसारखाच. लीड्सजवळचा टेंपल न्यूझम हा मोठा वाडा त्याला वारशानं मिळाला होता, तो त्यानं १९२२ साली लीड्सच्या नगरपालिकेला विकला. एवढी घरं सांभाळणं उमरावांना तेव्हाच जड जाऊ लागलं होतं.

दोन रकाने

तक्त्याचा खालचा भाग, साधारण एक मीटर, मोकळा ठेवा. मधोमध उभी रेघ. डावीकडं आयर्विन, उजवीकडं सोलापूर. दोन्हीकडं तारखा एकाच उंचीवर आल्या पाहिजेत, मोजपट्टी लावून घ्या. हा सगळ्या तक्त्याचा गाभा आहे.

डावीकडं : एप्रिल १९२६, व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत. ३१ ऑक्टोबर १९२९, हिंदुस्थानला पुढं वसाहतीचं स्वराज्य मिळेल अशी घोषणा. २३ डिसेंबर १९२९, दिल्लीजवळ क्रांतिकारकांनी त्याच्या रेल्वेगाडीखाली बॉम्ब उडवला, तो बचावला.

उजवीकडं : मे १९३०. गांधीजींना ४ मेच्या मध्यरात्रीनंतर अटक झाली, ती बातमी गिरणगावात पोचली. ८ मेला पोलिसांचा गोळीबार. ९, १० आणि ११ मे, शहरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. १२ मे ते ३० जून, मार्शल लॉ.

मग डावीकडं त्याच उंचीवर, मे १९३० : सोलापूरच्या मार्शल लॉसाठीचा वटहुकूम. तो गव्हर्नर जनरलच्या अधिकारात निघाला, आणि गव्हर्नर जनरल म्हणजे व्हाइसरॉय आयर्विन. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर तेव्हा सर फ्रेडरिक साइक्स होता, त्याचीही चिठ्ठी लावा. पोरं लगेच विचारतात, "बाई, फाशी कुणी दिली?" "आयर्विननं दिली" असं एका वाक्यात उत्तर देऊ नका. खटला, कोर्ट, इलाख्याचं सरकार, वर दिल्लीचं सरकार, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी लावून दाखवा. ही पायरी चुकवली तर मुलांच्या मनात एकच खलनायक उरतो आणि बाकी सगळी यंत्रणा सुटून जाते.

उजवीकडं १२ जानेवारी १९३१. इथं मी फक्त चार नावं लावते, मोठ्या अक्षरात. त्याच्या बरोबर खाली डावीकडं १७ फेब्रुवारी, गांधी-आयर्विन बोलणी सुरू. ५ मार्च, करार. फाशी आणि बोलणी यांच्यामध्ये पाच आठवडे. मोजपट्टीवर तीन बोटं.

त्यानंतरचं आयुष्य छोट्या चिठ्ठ्यांत संपवा : १९३७ मध्ये हिटलरची भेट, १९३८ ते १९४० परराष्ट्रमंत्री, १९४१ ते १९४६ अमेरिकेत राजदूत. १९४२ साली मधला मुलगा पीटर इजिप्तमध्ये लढाईत मारला गेला, थोड्याच महिन्यांत धाकट्या रिचर्डचे दोन्ही पाय गेले. मृत्यू गॅरोबीला, २३ डिसेंबर १९५९. रेल्वेवरच्या बॉम्बची तारीखही २३ डिसेंबरच, ३० वर्षांपूर्वीची. ही जुळणी एका सातवीतल्या मुलानं शोधली, मी नाही.

शोधायचं कसं

घरी बसून बरंच मिळतं. सगळ्यात आधी शहराचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं टाका, एसनंतर एच घालून. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर १९३० चा एकही कागद समोर येत नाही, आणि माणूस समजतो की काही उपलब्धच नाही. ब्रिटिश पार्लमेंटच्या चर्चा इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मे-जून १९३० ची पानं काढा. किताब कधी दिला हे लंडन गॅझेटमध्ये छापलेलं असतं, तेही फुकट. आयर्विनची हिंदुस्थानातली कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, घराण्याचे कागद यॉर्क विद्यापीठाच्या संग्रहात. ते इथून वाचता येणार नाहीत, पण त्यांच्या याद्या वाचता येतात, आणि यादीतली तारीखसुद्धा पुष्कळ सांगते. आपल्या बाजूसाठी सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि वाचनालयातली जुनी वृत्तपत्रं. दोन वेगळ्या ठिकाणी सापडलेली तारीखच चिठ्ठीवर शाईनं लिहा. एकाच ठिकाणची पेन्सिलनं.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आजच विचारा. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये साचे चालवायचे. मार्शल लॉमध्ये पांढरी गांधी टोपी घालून रस्त्यावर जायची सोय नव्हती. आजीनं त्यांची टोपी ज्वारीच्या कणगीत, दाण्यांच्या आत खोल, दडवली. पाऊस लागल्यावर काढली तेव्हा तिला ज्वारीच्या भुशीचा पिवळट डाग पडलेला होता. आजीनं तो कधी धुतला नाही. टोपी माझ्याकडं आहे. डाग डाव्या कडेला, तळहाताएवढा.

तक्ता लावताना वेळूची काठी खिळ्यांवर अडकवा, खालचा काठ मुलांच्या छातीच्या उंचीवर येऊ द्या, म्हणजे दोन रकाने त्यांच्या डोळ्यांसमोर आणि किल्ला मान वर करून बघावा लागेल असा. कार्यक्रम संपला की चिठ्ठ्या काढून पाकिटात ठेवा. कापडाची घडी घालू नका, काठीवर गुंडाळा, आत कडुनिंबाचा वाळका पाला. टोपी मी सगळ्यात शेवटी लावते. उजव्या रकान्यात, मे १९३० च्या चिठ्ठीवर, डावीकडच्या वटहुकुमाच्या अगदी समोर. दोन टाचण्या पुरतात, तिसरी लावली तर विरलेलं कापड फाटेल.